पांढरं डांगर

१

मंगळवारी सकाळी मैलापुरात सईबाईंच्या स्वयंपाकघराला सील लागलं तेव्हा मी तिथेच उभी होते. मला सईबाईंची दया यायला हवी होती. पण खरं सांगते, माझ्या डोक्यात त्या वेळी फक्त कीर्तना होती.

झालं होतं असं. नऊ दिवसांपूर्वीच्या रविवारी तुळजाजींचं सहस्रचंद्रदर्शन झालं. तंजावरी मराठी घर, तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहिलेलं, पण म्हाताऱ्याला ऐंशी पूर्ण झाली की हा सोहळा करायचाच. सत्तर पानं उठली. दोन दिवसांत त्यातली बावीस माणसं ताप-उलट्या-जुलाबांनी आडवी झाली आणि स्वतः तुळजाजी अतिदक्षता विभागात पोचले. जेवण अर्थातच सईबाईंचं होतं. मैलापुरातल्या मराठी घरात कार्य म्हटलं की चाळीस वर्षं सईबाई, आणि सईबाई म्हटलं की त्यांचं डांगर. उडदाच्या डाळीचं पीठ, त्यात जिरं, मिरी, हिंग. जेवणाच्या दिवशी दह्यात कालवायचं आणि वरून फोडणी द्यायची. विस्तवावर पुन्हा ठेवायचं नाही.

मी चित्रा बोडस, मूळची मिरजेची. इथल्या एका सरकारी प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं साथींच्या मागावर आहे. कुठे विषबाधा झाली की घरोघर जाऊन काय खाल्लं, कधी खाल्लं, कुणी वाढलं, हे विचारायचं. माझ्या चपलांचे तळ झिजले आणि त्याबरोबर माझं नावही झालं. मग दीड वर्षापूर्वी कीर्तना आली. वय एकोणतीस, तंजावरचीच, मराठीपेक्षा तमिळ सराईत बोलणारी. तिच्याकडे जिनोम सिक्वेन्सिंगचं मशीन. रोग्याच्या पोटातला साल्मोनेला जंतू घ्यायचा, त्याच्या डीएनएची अठ्ठेचाळीस लाख अक्षरं वाचायची आणि दुसऱ्या रोग्याच्या जंतूशी ताडून बघायची. शे-दोनशे अक्षरांचा फरक निघाला तर जंतू परके, दोन-चारांचा निघाला तर एकाच घरातले. मी महिनाभर उन्हातान्हात फिरून जे सांगायचे ते ही चार दिवसांत खुर्चीत बसून सांगायला लागली. आमचे संचालक श्रीनिधी सर पूर्वी चहाचा पेला घेऊन माझ्या टेबलाशी यायचे. आता तिच्या टेबलाशी जातात.

या वेळीही तिनेच सांगितलं होतं. जेवणातल्या बारा रोग्यांचा जंतू आणि सईबाईंच्या डांगराच्या डब्यातला जंतू एकच. त्यावर कडी म्हणजे वेलचेरीच्या एका फ्लॅटमध्ये आजारी पडलेल्या पाच मराठी मुलांचाही तोच. ती मुलं जेवणाला नव्हती, पण फोनवरच्या चौकशीत 'डांगर खाल्लं का' याला पाचही जणांनी 'हो' म्हटलं होतं. चेन्नईत डांगर विकतं कोण, तर सईबाई. प्रकरण मिटलं.

अन्नसुरक्षा अधिकाऱ्याने डब्यातलं पीठ बोटांत चोळून पाहिलं. "इतकं पांढरं? ही डाळ भाजलीच नाही."

"भाजली," सईबाई म्हणाल्या. अडुसष्ट वर्षांची ताठ बाई, नाकात दोन चमक्या.

"भाजलेल्या डाळीचं पीठ तांबूस होतं. कशात भाजता? कढई दाखवा."

"तें मी सांगणार नाहीं."

"शुक्रवारी समिती बसेल. तोवर सांगितलं नाहीत तर परवाना कायमचा गेला."

सईबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "चित्रा, तूं माझें डांगर वीस वर्षें खाल्लेंस. तूंच सांग यांस."

मी काय सांगणार होते? चांगल्या भाजलेल्या डाळीत साल्मोनेला राहत नाही, आणि न भाजलेली डाळच इतकी पांढरी राहते. दोन्ही गोष्टी मला पाठ होत्या. सईबाई खोटं बोलत होत्या, नाहीतर कीर्तनाचं मशीन चुकत होतं.

मशीन चुकावं, असं मला फार वाटत होतं.

२

"मॅडम, डबा दोषी नाहीये," कीर्तना म्हणाली.

मी तिची चूक शोधायला तिच्या खोलीत गेले होते, आणि ही माझ्या आधीच तिथे पोचलेली. तिने पडद्यावर जंतूंचं वंशवृक्षासारखं चित्र दाखवलं.

"हे वेलचेरीचे पाच. हे जेवणाचे बारा आणि डबा. मध्ये दोन अक्षरांचा फरक आहे."

"दोन म्हणजे काहीच नाही. तूच म्हणतेस."

"आमा, हो, एकाच घरातले आहेत. पण आधी कोण, नंतर कोण? चेन्नईत मिळालेल्या जुन्या जंतूंशी मी ताडून बघितलं. वेलचेरीवाल्यांची अक्षरं जुन्यांसारखीच आहेत. ते दोन बदल नवीन झालेत, आणि ते बाराही जणांत आणि डब्यात आहेत. वेलचेरीच्या एकातही नाहीत."

मला कळायला अर्धं मिनिट लागलं, आणि त्या अर्ध्या मिनिटाचाही मला राग आला. "म्हणजे डब्यातून मुलांना लागण झालेली नाही?"

"नाही. मुलांना जिथून झाली तिथून ती आणखी एका माणसाला झाली. त्याच्या पोटात हे दोन बदल झाले, आणि त्याच्याकडून डब्यात गेले. मध्ये एक माणूस आहे, मॅडम. तो माझ्या झाडावर नाही. सर म्हणाले, दोन अक्षरांवर समिती विश्वास ठेवणार नाही, माणूस आणून दाखव."

इथे मला एक कबुली द्यायची आहे. तिच्या झाडावर एक माणूस नव्हता, कारण तो मी माझ्या फ्रिजमध्ये ठेवला होता.

गेल्या शुक्रवारी रोग्यांच्या जंतूंच्या काचेच्या बश्या कीर्तनाकडे पाठवायच्या होत्या. तेरा होत्या. त्याच सकाळी श्रीनिधी सरांनी जाहीर केलं की दिल्लीच्या परिषदेत आपल्या विभागातर्फे कीर्तना बोलणार. तिने मांडायच्या चार साथींपैकी तीन मी दारोदार हिंडून शोधलेल्या होत्या. मी टाळ्या वाजवल्या, खोलीत आले आणि बाराच बश्या पाठवल्या. तेरावी हेमलताची. हेमलता वेलचेरीला डबे पुरवते, तुळजाजींच्या जेवणासाठी श्रीखंड घेऊन आली होती, कार्यातच जेवली आणि इतरांसारखीच सोमवारी आजारी पडली, असं तिच्या फॉर्मवर होतं. बारा असताना तेराव्याने काय बिघडणार होतं? हिच्या झाडाला एक फांदी कमी पडली तर पडू दे, इतकाच माझा विचार होता. इतका क्षुद्र विचार मी आयुष्यात दुसरा केला नसेल.

त्या मंगळवारीही मी ती बशी काढून दिली नाही. दिली असती तर 'आतापर्यंत कुठे होती?' हा प्रश्न आला असता. मी पर्स उचलली आणि जुन्या पद्धतीने शोध घ्यायला बाहेर पडले. माणूस आणून दाखवायचाच असेल तर तो मी दाखवणार होते.

३

सईबाईंच्या घरात चूल थंड होती. सून अंबुजा सील लागलेल्या दारापाशी नुसतीच बसली होती. शेजारच्या दोन घरांनी हळदीकुंकवाचं बोलावणं परत घेतलं होतं, आणि येत्या रविवारी तुळजाजींच्या नातीचं, भव्याचं लग्न होतं. तिच्या बारशाचं जेवणही सईबाईंनीच केलं होतं.

"अक्का, सासूबाई परवांपासून जेवल्या नाहींत," अंबुजा म्हणाली. "लग्नाचा स्वयंपाक हातचा गेला तर त्या उठणार नाहींत."

"मग डाळ कशी भाजतात ते सांगून टाका ना."

ती हसली, पण ते हसू आंबट होतं. "मज ठाऊक असतें तर सांगितलें नसतें? बारा वर्षें झालीं लग्नाला. घरची सून मी, पण डाळ घेऊन जातात एकट्या, येतात एकट्या. जळतें हो माझें मन."

संशयितांच्या यादीत मी मनातल्या मनात तिचं नाव घातलं. "रविवारी सकाळी डांगराच्या डब्याला कोण शिवलं?"

"पाहा, तुम्हीही तेंच विचारतां! डब्यांत फक्त त्यांची लाकडी पळी घालायची, हात नाहीं. रविवारीं त्या पूजेवरून उठल्या, झांकण काढलें आणि ओरडल्याच. पिठांत बोटें ओढल्याच्या खुणा होत्या, चार. मज काय काय बोलल्या! देवाशपथ अक्का, माझा हात नव्हता."

"मग कोणाचा? घरात कोण कोण होतं?"

"गुंडो काका शनिवारीं पीठ ठेवून गेले. रविवारीं आठाला हेमलताताई श्रीखंड घेऊन आल्या. त्यांनीच म्हटलें, तूं रांगोळी घाल, मी भांडीं आंत ठेवितें."

सईबाई, अंबुजा आणि गुंडो, तिघांच्याही तपासण्या निर्मळ आल्या होत्या. त्यांच्या पोटात जंतू नव्हता. म्हणजे तिघांपैकी कुणाच्या हातून तो डब्यात गेला नव्हता. मग उरलं कोण, हे मला दिसत होतं, पण हेमलता तर जेवल्यावर आजारी पडली होती. डब्यामुळे जी आजारी पडली ती डब्याला आजारी कशी पाडेल?

गुंडो म्हणजे सईबाईंचे धाकटे दीर. त्यांची पिठाची गिरणी देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत आहे. ते आधीच चिडलेले होते.

"माझी गिरणी दोनदां धुवून पाहिली त्यांनी. कांहीं मिळालें नाहीं."

"डाळ तुमच्याकडे येते तेव्हा भाजलेली असते का?"

"वहिनीनें सांगूं नको म्हटलें तें मी सांगणार नाहीं."

"बरं. चाळणी तरी दाखवा."

चाळणी त्यांनी कुरकुरत पुढे केली. मी तिच्या कडेवरून बोट फिरवलं. पीठ लागलं, आणि पिठाखाली काहीतरी करकरलं. मी ते तळहातावर घेऊन उजेडात धरलं. ती बारीक वाळू होती.

गुंडो काकांनी चाळणी माझ्या हातून जवळजवळ हिसकावून घेतली.

४

डाळीत वाळू कशाला? भेसळ म्हणावी तर सईबाई खडा निवडायला तासभर बसणारी बाई. मी विचार करत देवळापाशी आले. गाडीवरच्या बाईने चुरमुऱ्यांचं माप माझ्यापुढे धरलं. पांढरेशुभ्र चुरमुरे, अजून कोमट.

मी तिथेच थांबले. तांदूळ इतका भाजला की फुलला, तरी पांढराच. का? तर तो कढईत तासभर परतलेला नसतो. भट्टीत लालभडक तापवलेल्या वाळूत टाकतात, क्षणात भाजतो, चाळून बाजूला. अख्खे काळे उडीद तसेच भाजले तर? साल करपेल, फुटेल, पाखडली की निघून जाईल, आणि आतली डाळ भाजूनही पांढरी राहील. त्या तापमानाला साल्मोनेला काय, त्याची सात पिढ्यांची वंशावळही टिकणार नाही.

सईबाई डाळ घेऊन एकट्या जात होत्या त्या भट्टीवर, आणि त्या खरं बोलत होत्या. डाळ भाजलेली, पीठ निर्मळ, आणि जंतू नंतर हाताने आत गेला. माझी पायपीट फळाला आली म्हणून मला आनंद झाला, आणि लगेच लक्षात आलं की कीर्तनानेही खुर्चीत बसून हेच सांगितलं होतं. त्या आनंदावर पाणी पडलं.

बुधवारी मी वेलचेरीला गेले. पाचांतला मंदार आयटीतला, घरूनच काम करत होता. अनय श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात जाणारा, अजून अशक्त, पलंगावर पडलेला.

"डांगर मैलापूरला जाऊन आणलंत?" मी विचारलं.

"छे, इतकं कोण जाणार?" मंदार म्हणाला. "डब्यासोबत आलं, पिशवीतून. हेमलताताई म्हणाल्या, उन्हाळा आहे, दह्यात कालवून खा."

मी वही खाली ठेवली. फोनवर चौकशी करणाऱ्याने 'हो' वर खूण केली होती आणि 'कुणाचं?' हे विचारलंच नव्हतं. ती चौकशी माझ्या देखरेखीखालची, आणि त्या आठवड्यात मी रुसून बसलेली.

"कसं होतं चवीला?"

"खरं सांगू? बेकार," अनय पलंगावरून म्हणाला. "बुळबुळीत. टाळूला चिकटत होतं. आईचं असं नसतं. मी आधीच्या गुरुवारीच आडवा झालो, बाकीचे शुक्रवारी."

कच्चं उडदाचं पीठ ओलं झालं की बुळबुळतं, हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. आणि अनय आजारी पडला तो तुळजाजींच्या जेवणाच्या तीन दिवस आधी.

"हेमलताताईंना सांगितलंत?"

"कुठे, त्याच आजारी होत्या. शुक्रवार-शनिवार डबा बंद. पोट बिघडलंय म्हणाल्या. रविवारी मात्र कुठेतरी श्रीखंड द्यायचंय म्हणून गेल्या."

फॉर्मवर तिने सोमवार सांगितला होता. शुक्रवारी आजारी असलेली बाई रविवारी आठ वाजता सईबाईंच्या स्वयंपाकघरात एकटी होती.

मी निघताना मंदार म्हणाला, "ताईंना आता मोठी ऑर्डर मिळालीय मॅडम. रविवारी लग्न आहे, तीनशे माणसं. मैलापूरवाल्या बाईंचं बंद पडलं ना, म्हणून. डांगरसुद्धा करणारेत."

५

रिक्षात बसून मी हिशेब मांडला, तर सगळा पुरावा एका जागी येऊन थांबत होता. तो माझ्या फ्रिजमध्ये होता. हेमलताच्या जंतूत ते दोन बदल असतील तर मधला माणूस सापडला, सईबाई सुटल्या, लग्नाची तीनशे माणसं वाचली. बशी गेल्या शुक्रवारी दिली असती तर हे सगळं मंगळवारी, सील लागायच्या आधीच कळलं असतं.

क्षणभर मनात आलं, हेमलताकडून नवा नमुना घ्यावा. ताजी तारीख पडेल, कुणाला काही कळणार नाही. पण ती औषध घेऊन बरी झाली होती. जंतू सापडलाच नसता.

कीर्तना मशीनपाशी होती. मी बशी तिच्यापुढे ठेवली.

"ही एक राहिली होती."

तिने बशीवरची तारीख वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. तिने काहीतरी लागट बोलावं, म्हणजे मला तिच्याशी भांडता येईल, अशी माझी फार इच्छा होती. ती फक्त "सेरी, बरं मॅडम" म्हणाली आणि हातमोजे चढवले.

गुरुवारी दुपारी तिने मला बोलावलं. झाडावर नवी फांदी आली होती. हेमलताचा जंतू, डबा आणि बारा रोगी, तिन्ही एकाच फांदीवर. दोन्ही बदल जसेच्या तसे.

"मधला माणूस," कीर्तना म्हणाली. "आता तिच्या घरातलं पीठ पाहिजे. त्यात हे बदल नसतील, तर मूळही मिळालं."

"ते मी आणते," मी म्हटलं. निदान तेवढं तरी माझं.

६

हेमलताचं स्वयंपाकघर लखलखीत होतं. ओट्यावर उडदाच्या डाळीचं पोतं उघडलेलं होतं, लग्नासाठी. मी तिला अनयबद्दल सांगितलं, शुक्रवार-शनिवारच्या बंद डब्यांबद्दल सांगितलं, आणि चार बोटांच्या खुणांबद्दलही. आधी ती रागावली. मग स्टुलावर बसली.

"तुम्हीच सांगा ताई, मी वाईट करते का स्वयंपाक?" ती म्हणाली. "अकरा वर्षं डबे देतेय. माझं कालवण खातात, बोटं चाटतात आणि वर म्हणतात, सईबाईंचं डांगर खाल्लंय का कधी? माझ्या घरात, माझ्या ताटावर बसून! मला त्या बाईचं नाव नकोसं झालं होतं."

"म्हणून तिच्यासारखं करायला गेलीस."

"पाव किलो आणून बघितलं. पांढरं. मी म्हटलं, ही भाजतच नाही. सगळ्यांना भाजते म्हणून सांगते, ते दुसऱ्या कुणाला जमू नये म्हणून. मला वाटलं, धरली हिची लबाडी. मी कच्चीच दळली." तिने पोत्याकडे पाहिलं. "पण चव येईना. बुळबुळायला लागलं. रविवारी डबा समोर दिसला, कुणी नव्हतं. एक मूठ घेतली, पदरात बांधली. माझ्या पिठाशेजारी ठेवून बघायचं होतं, बस. विष घालायला नाही हो गेले. पोट दुखत होतं, तरी गेले, त्या एका मुठीसाठी."

"मग लोक आजारी पडल्यावर गप्प का बसलीस?"

"मला खरंच वाटलं की तिचंच बाधलं. मला तसं वाटून घ्यायचं होतं. आणि मग लग्नाचं काम आलं माझ्याकडे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दुसरीला बोलावलं, ती मी होते."

मला तिच्यावर ओरडता येईना. मी पिठाचा आणि डाळीचा नमुना पिशवीत घातला, पोत्याचं तोंड बांधलं आणि त्यावर कागद चिकटवला.

"तुळजाजी?" तिने विचारलं.

"कालच वॉर्डात आणलं. पेज घेतली."

तेव्हा ती रडली.

७

हेमलताच्या पिठातला जंतू वेलचेरीच्या मुलांच्या जंतूशी जुळला आणि त्यात ते दोन बदल नव्हते. जंतू वाढवून अक्षरं वाचायला एरवी आठवडा लागतो. त्या पिठात तो इतका होता की कीर्तनाने गुरुवारचा दिवस, रात्र आणि शुक्रवारची सकाळ एक करून पिठातूनच थेट वाचून काढला. समिती दुपारी बसली. अधिकारी, श्रीनिधी सर, आम्ही दोघी, आणि मागच्या खुर्च्यांवर सईबाई आणि अंबुजा.

कीर्तनाने झाड समजावलं आणि मी माणसं. कच्चं पीठ हेमलताचं. त्यातून पाच मुलं आजारी, आणि हेमलताही. तिच्या पोटात जंतू दोन अक्षरांनी बदलला. तिच्या हाताने तो सईबाईंच्या निर्मळ पिठात गेला. ते पीठ दह्यात सकाळी कालवलं आणि चेन्नईच्या उकाड्यात दुपारपर्यंत राहिलं, तेवढा वेळ त्याला पुरला. डाळ कशी भाजतात ते मी अधिकाऱ्याला बाहेर बोलावून एकट्याच्या कानात सांगितलं आणि अहवालात 'पुरेशी उष्णता दिली जाते, खात्री केली' एवढंच लिहायला लावलं. परत आले तेव्हा सईबाई माझ्याकडे रोखून बघत होत्या. त्यांना कळलं होतं की मला कळलंय.

परवाना कायम झाला. सील त्याच संध्याकाळी निघणार होतं. लग्नाचं काम परत मिळणार होतं.

तेवढ्यात श्रीनिधी सरांनी कागद उलटला. "हा हेमलताचा नमुना गेल्या शुक्रवारच्या आधीचा आहे. मग तो या बुधवारी का वाचला गेला?"

मी तोंड उघडण्याआधी कीर्तना म्हणाली, "सॉरी सर. माझ्याकडचं किट संपलं होतं. माझी चूक."

ती माझ्याकडे न बघता हे बोलली. पोरीने माझ्यासाठी स्वतःच्या नावावर डाग घेतला होता, दिल्लीच्या परिषदेला पंधरा दिवस उरलेले असताना. मला कृतज्ञ वाटायला हवं होतं. पण मला वाटलं ते निव्वळ जळणं होतं. हुशारी हिची, मशीन हिचं, सरांचा चहा हिच्या टेबलाशी, आणि आता मोठं मनही हिचंच? एवढं मी तिला घेऊ देणार नव्हते.

"किट होतं," मी उभी राहून म्हटलं. "नमुना मी दिला नाही. पाच दिवस माझ्या फ्रिजमध्ये ठेवला होता."

"का?"

"हिचा हेवा वाटत होता म्हणून."

श्रीनिधी सरांनी चष्मा काढला. अधिकाऱ्याने लिहायचं थांबवलं. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि सईबाई पुढे आल्या.

"म्हणजे मंगळवारीं माझ्या दाराला कुलूप लागलें, तेव्हांच तुजपाशीं होतें?"

"हो."

"तूं तिथेंच उभी होतीस."

"हो."

त्यांनी मान हलवली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"हेमलतेनें माझें मूठभर पीठ नेलें," त्या म्हणाल्या. "तिचें मज समजलें. तूं किती नेलेंस, चित्रा?"

मी मनात दिवस मोजले. कीर्तनाने मात्र सईबाईंना खुर्ची दिली, त्यांच्यापुढे पाण्याचा पेला धरला आणि तमिळमध्ये हळूच काहीतरी म्हटलं. सईबाईंनी पेला घेतला आणि मोकळा हात तिच्या गालावरून फिरवला. वीस वर्षं मी त्यांच्या घरी जेवत होते. माझ्या गालावरून त्यांनी कधी हात फिरवला नव्हता, आणि आता फिरवणारही नव्हत्या.